‘एन’ म्हणजे कसारा, ‘एस’ म्हणजे कर्जत : कल्याणच्या फाट्यावरील अक्षरांचे व्याकरण

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या फलाटावर रोज उभे राहणाऱ्या प्रत्येकाला एक भाषा येते. तिचा वर्ग नाही, पाठ्यपुस्तक नाही. गाडीच्या कपाळावर आणि फलाटावरच्या इंडिकेटरवर एक-दोन रोमन अक्षरे उमटतात व गर्दी त्यानुसार हलते. ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘के’ म्हणजे कल्याण, ‘ए’ म्हणजे अंबरनाथ. ‘डीएल’ डोंबिवली, ‘बीएल’ बदलापूर, ‘टीएल’ टिटवाळा, ‘एएन’ आसनगाव, ‘केपी’ खोपोली. इथवर सारे सरळ चालते. आणि मग, काहीही पूर्वसूचना न देता, ‘एन’ म्हणजे कसारा व ‘एस’ म्हणजे कर्जत.

कसारा या नावात ‘न’ कुठेच नाही. कर्जतमध्ये ‘स’ नाही. उलट ‘स’ आहे तो कसाऱ्यात. म्हणजे नवख्या माणसाने थोडे डोके चालवून ‘एस’वरून कसारा ताडला, तर तो नेमका चुकीच्या गाडीत बसतो. कल्याणपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही, कारण दोन्ही गाड्या तिथवर एकाच वाटेने येतात. पुढचे स्थानक शहाड असायला हवे होते, ते विठ्ठलवाडी निघते. दिवसा ही फजिती. रात्रीच्या शेवटच्या गाडीला हीच चूक झाली तर सकाळपर्यंत फलाटावर बसण्याची पाळी.

हा धागा त्या दोन अक्षरांविषयी आहे, आणि माणसाच्या मनाला एखादी सांकेतिक भाषा ‘सुसंगत’ का वाटते या प्रश्नाविषयी. हाच प्रश्न १९८०च्या दशकात संगणकाच्या आज्ञांबाबत मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला.

आधी इतिहास. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन चौदा डब्यांची गाडी ठाण्याला पोचली, हे सर्वांना पाठ असते. त्यानंतरचा टप्पा फारसा कोणी सांगत नाही. १ मे १८५४ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कल्याणला पोचला, आणि तिथे त्याला दोन फाटे फुटले. समोर सह्याद्री होता. तो ओलांडण्यासाठी कंपनीने दोन घाट निवडले : उत्तरेकडील थळघाट व दक्षिणेकडील बोरघाट.

थळघाटाकडे जाणारा मार्ग वाशिंद, आसनगाव करीत १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचला व १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला गेला. पुढे भुसावळ, तिथून एक शाखा १८६७ मध्ये नागपूरला आणि दुसरी १८७० मध्ये जबलपूरला, जिथे ती कलकत्त्याकडून आलेल्या लोहमार्गाला मिळाली. या मार्गाचे कंपनीच्या दप्तरी नाव होते ‘नॉर्थ-ईस्ट लाइन’, ईशान्य मार्ग. दुसरा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेला आणि घाटाच्या पायथ्याशी थबकला. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर पुणे जोडले गेले. पुढे सोलापूर व १८७१ मध्ये रायचूर, जिथे मद्रासकडून आलेला मार्ग भेटला. हा ‘साउथ-ईस्ट लाइन’, आग्नेय मार्ग.

आता अक्षरे पुन्हा पाहावीत. ‘एन’ हा नॉर्थचा, ‘एस’ हा साउथचा. कसारा हे ईशान्य मार्गावरचे उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्थानक, आणि कर्जत हे आग्नेय मार्गावर घाट लागण्यापूर्वीचे. ती अक्षरे गावांची नव्हेतच. ती दिशांची आहेत.

असे का करावे लागले, हेही अक्षरांकडे पाहताच कळते. कल्याण, कसारा, कर्जत, खोपोली : चारही नावे रोमन लिपीत ‘के’ने सुरू होतात. ‘के’ कल्याणला गेला. खोपोलीला ‘केपी’ देऊन सोडवले. उरलेली दोन गावे त्या काळी कंपनीच्या माणसाला गावे म्हणून महत्त्वाची नव्हतीच. ती दोन मार्गांची टोके होती. मार्गाचेच अक्षर त्यांना चिकटले. रेल्वेच्या दृष्टीने यात काडीचीही विसंगती नव्हती.

प्रवाशाला मात्र ‘ईशान्य मार्ग’ हे नाव कधी कोणी सांगितलेच नाही. म्हणून त्याच्यासाठी ती दोन अक्षरे अपवाद ठरली, घोकून लक्षात ठेवण्याची. एकच संकेत, एकाला नियमबद्ध आणि दुसऱ्याला लहरी. मग सुसंगती असते तरी कुठे? अक्षरांत, की वाचणाऱ्याच्या डोक्यात?

नेमका हाच पेच संगणकशास्त्रात उभा राहिला. १९८० च्या सुमारास संगणक तज्ज्ञांच्या खोलीतून बाहेर पडून कारकून, टंकलेखक, संशोधक यांच्या मेजावर येऊ लागला. त्याला काम सांगायचे तर आज्ञा टंकाव्या लागत. आज्ञेचा शब्द, मागून फाइलचे नाव, मध्ये ठरलेले चिन्ह. एक अक्षर चुकले की यंत्र नकार देणार. या आज्ञांच्या भाषा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी वाढवत नेल्या होत्या.

नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकात डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने युनिक्स या प्रणालीवर एक झणझणीत लेख लिहिला. यंत्रणा म्हणून युनिक्स उत्तम आहे, पण सामान्य वापरकर्त्यासाठी तिची आज्ञाभाषा अनर्थकारक आहे, असा त्याचा रोख होता. नक्कल करण्यासाठी ‘सीपी’, हलवण्यासाठी ‘एमव्ही’, यादीसाठी ‘एलएस’; इथे निदान स्वर गाळून दोन व्यंजने ठेवण्याची रीत दिसते. पण फाइल वाचायची तर ‘कॅट’! मांजराशी तिचा संबंध नाही. फाइली एकापुढे एक जोडणे या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचा तो तुकडा. एकच फाइल ‘जोडली’ की ती पडद्यावर दिसते, म्हणून वाचायलाही तीच आज्ञा.

शोधासाठीची ‘ग्रेप’ त्याहून गमतीची. युनिक्सच्या जुन्या संपादकात ‘सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप’ असे सांगण्यासाठी जी अक्षरे लागोपाठ टंकावी लागत, तीच पुढे स्वतंत्र आज्ञेचे नाव होऊन बसली. तो संपादक वापरलेल्यांना ‘ग्रेप’ स्वच्छ कळते. नंतर आलेल्यांना ती कसाऱ्याच्या ‘एन’सारखी भासते.

सुसंगती मोजता येईल का, हा पुढचा प्रश्न. आयबीएममधील फिलिस राइझनर हिने १९८१ मध्ये एक मार्ग सुचवला : आज्ञाभाषेचे व्याकरण नियमांच्या स्वरूपात लिहून काढावे आणि नियम मोजावेत. नियम जितके जास्त, तितकी भाषा शिकायला अवघड. कल्पना देखणी आहे. पण तिच्यात एक भोक होते, आणि ते कल्याणच्या फलाटावरूनही दिसते.

वर दिलेल्या दहा स्थानकांचे नियम राइझनरच्या रीतीने लिहिले, तर दहा नियम होतात. ‘ठाणे म्हणजे टी’ हा एक, ‘कसारा म्हणजे एन’ हाही एक. आता कल्पना करावी की सगळी अक्षरे चिठ्ठ्या टाकून वाटली : ठाण्याला ‘क्यू’, कल्याणला ‘झेड’. तरीही नियम दहाच भरतात. मोजणीच्या लेखी सुसूत्र संकेत आणि शुद्ध गोंधळ एकाच वजनाचे.

१९८३ मध्ये ब्रिटनमधील स्टीफन पेन आणि थॉमस ग्रीन या दोघांनी यावर बोट ठेवले. बॉस्टन येथे भरलेल्या मानव-संगणक परिषदेत त्यांनी मांडलेला विचार असा, की वापरकर्ता आज्ञाभाषा दोन पातळ्यांवर पाहतो. खालच्या पातळीवर एकेक सुटा नियम असतो. वरच्या पातळीवर, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या नियमांची कुटुंबे असतात, आणि मन लक्षात ठेवते ते कुटुंब. ‘नावाचे पहिले अक्षर घे’ हे कळले की ठाणे, कल्याण, अंबरनाथ ही तीन ओझी राहत नाहीत, एकच राहते. सुसंगत भाषा म्हणजे जिच्यात कुटुंबे थोडी आणि भटकी अक्षरे त्याहून थोडी. १९८६ मध्ये पेन आणि ग्रीन यांनी हाच विचार पुढे नेऊन काम आणि कृती यांचे एक सविस्तर व्याकरण रचले.

त्यांच्या चष्म्यातून लोकलची अक्षरे पाहिली तर मौज वाटते. पहिले कुटुंब पहिल्या अक्षराचे. दुसरे जोडअक्षरांचे : पहिले अक्षर आरंभीचे, दुसरे नावात पुढे येणारे एखादे ठसठशीत व्यंजन. डोंबिवली, बदलापूर आणि टिटवाळा या तिघांच्या वाट्याला ‘एल’ आला आहे. (टिटवाळ्याचा ‘ळ’ रोमन लिपीत शिरताना ‘ल’ झाला, हा एक अन्यायच.) या दोन कुटुंबांत आठ स्थानके बसतात. उरतात दोन, ज्यांचे कुटुंब इतिहासात आहे. ज्याला थळ व बोरघाटाची कथा ठाऊक, त्याच्यासाठी तीन कुटुंबे आणि भटके कोणीच नाही. ज्याला ती ठाऊक नाही, त्याच्यासाठी दोन कुटुंबे आणि दोन अनाथ.

पण प्रवाशाचे मन एवढ्यावर थांबत नाही. ते स्वतःची वेगळी कुटुंबे पाडते, आणि ती अक्षरांवरून नव्हे, नकाशावरून. उल्हासनगरला जाणाऱ्याच्या लेखी ‘ए’, ‘बीएल’, ‘एस’ आणि ‘केपी’ ही एकच गोष्ट आहे : यांतली कोणतीही चालेल. शहाडला जाणाऱ्याच्या लेखी ‘टीएल’, ‘एएन’ आणि ‘एन’ ही एक गोष्ट. रोमन अक्षरे शेजारी मांडून कोणालाही हे गट पाडता येणार नाहीत. ‘ए’ आणि ‘एएन’ दिसायला सख्खी भावंडे. प्रत्यक्षात एक अंबरनाथला, दुसरी आसनगावला, कल्याणनंतर एकमेकींकडे पाठ फिरवून जाणाऱ्या. ‘टी’ आणि ‘टीएल’ यांच्यातला फरकही असाच. पहिलीत बसलेला डोंबिवलीकर ठाण्याला उतरवला जातो. दुसरीतला घरी पोचतो.

या भाषेला वाक्यरचनाही आहे, आणि तीच सर्वांत सूक्ष्म. इंडिकेटरवर ठिकाण, वेळ आणि गती यांच्या जागा ठरलेल्या. ‘एफ’ म्हणजे फास्ट; आणि ‘एस’ म्हणजे स्लो. हा ‘एस’ कर्जतचा नव्हे! तेच अक्षर ठिकाणाच्या जागी आले की कर्जत, गतीच्या जागी आले की धीमी गाडी. कागदावर मांडले तर कोणीही म्हणेल की हा घोटाळ्याला आमंत्रण देणारा दोष आहे. फलाटावर तो कोणाला खटकतही नाही, कारण मन अक्षर सुटे वाचत नाही; जागेसकट वाचते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘तो’ हा शब्द नामाआधी आला की विशेषण आणि एकटा आला की सर्वनाम, हे कोणीही थांबून ठरवत बसत नाही.

गतीच्या अक्षराचे खरे मोल कोपर आणि ठाकुर्लीच्या रहिवाशांना विचारावे. फास्ट लोकल त्यांच्या स्थानकांत थांबत नाही. त्यांच्यासाठी ठिकाणाचे अक्षर दुय्यम आणि गतीचे पहिले. कल्याणपलीकडच्या माणसाला याच्या उलट अनुभव : कसाऱ्याची वा कर्जतची फास्ट गाडी कल्याणनंतर प्रत्येक स्थानकावर थांबते, म्हणजे तिथे ‘एफ’ला अर्थच उरत नाही. एकच वाक्य, पण वाचणारा कुठे राहतो यावर त्यातला महत्त्वाचा शब्द बदलतो.

ही वाक्यरचना बोलीतही मुरली आहे. आधी ठिकाण, मग गती : ‘कल्याण स्लो’, ‘बदलापूर फास्ट’. २००५ मध्ये निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेल्या मराठी चित्रपटाचे नाव ‘डोंबिवली फास्ट’ होते. त्या दोन शब्दांचा क्रम उलटून पाहावा, म्हणजे कानाला काय खटकते ते कळेल.

मग सगळे काही एकाच नियमात बसवावे काय? कसाऱ्याला ‘केएस’ आणि कर्जतला ‘केजे’ दिले तर प्रश्न मिटेल? १९८९ मध्ये जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने सुसंगतीच्या या हव्यासाविरुद्ध एक गाजलेला लेख लिहिला. त्याचे उदाहरण घरातल्या सुऱ्यांचे होते. सगळ्या सुऱ्या एकाच खणात ठेवणे हा सुसंगत नियम झाला. पण शहाणे घर तसे करीत नाही. जेवणाची सुरी एकीकडे, भिंतीची लांबी भरायची दुसरीकडे. वस्तू तिथे असावी जिथे तिचे काम पडते. आपल्याकडे विळी आणि कोयता एकाच फळीवर कोण ठेवतो? दोहोंना पाते आहे, एवढ्यावरून त्यांचे नाते ठरत नाही.

‘एन’ आणि ‘एस’ यांच्या बाजूने हेच म्हणता येते. चार ‘के’ शेजारी-शेजारी असते, तर धावत जिना उतरणाऱ्या माणसाला दुरून दुसरे अक्षर टिपावे लागले असते. नियम मोडणारे अक्षर चटकन वेगळे दिसते. नवख्याला ते फसवते आणि जुन्याला ते वाचवते. रोज प्रवास करणारे लाखो आणि नवखे थोडे, या हिशेबाने रेल्वेची निवड चुकीची म्हणवत नाही. ज्या नवख्याची शेवटची गाडी चुकते, त्याला मात्र हा हिशेब पटणे कठीण.

कुटुंबाने शिकण्याचा सर्वांत स्वच्छ नमुना पाहायचा तर मात्र लोकल सोडून मराठी कळफलकाकडे यावे लागते. टंकलेखन यंत्रावरच्या जुन्या रेमिंग्टन पद्धतीत ‘ठाणे’ लिहिताना ठ, काना, अर्धा ण, पुन्हा काना आणि मात्रा अशा कळा दाबल्या जात. यातला पहिला काना स्वर आहे. दुसरा काना स्वर नाहीच, तो ‘ण’चा दंड आहे. एकाच कळीची दोन कामे. तरी पिढ्यान् पिढ्या टंकलेखकांना ते विसंगत वाटले नाही, कारण हातानेही ‘ण’ असाच काढला जातो. त्यांच्या मनातला नियम होता : जसे लिहितो तसे टंकावे.

संगणक आल्यावर नियमच बदलला. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक ठरवला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. पुण्याच्या सी-डॅकने तो यंत्रांवर रुजवला. इथे जसे बोलतो तसे टंकायचे. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’ : शिफ्ट म्हणजे प्राण मिसळणे. स्वरांच्या बाजूला त्याच शिफ्टने मात्रेचा पूर्ण स्वर होतो. बाराखडी ज्याला येते त्याला अर्धा कळफलक न शिकताच येतो. पेन आणि ग्रीन यांना याहून बोलके उदाहरण मिळाले नसते. अपवाद इथेही आहेतच. ‘म’वर शिफ्ट दाबली की ‘ण’ येतो, आणि ठाण्याचा ‘ण’ प्रत्येकाला तिथेच जाऊन शोधावा लागतो.

रेमिंग्टनवर वाढलेल्या हातांना मात्र इन्स्क्रिप्ट उफराटी वाटली. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी असते, म्हणून यंत्रावरही आधी टंकायची, हा त्यांचा घट्ट नियम. इथे ती व्यंजनानंतर येते. ‘डोंबिवली’ लिहिताना ‘बि’पाशी बोटे अडखळत ती यामुळेच. दोन्ही कळफलक आपापल्या परीने सुसंगत आहेत. एकाचा आधार लेखणी आहे, दुसऱ्याचा जीभ.

रेल्वेच्या संगणकातही जुने असेच शाबूत आहे. तारायंत्राच्या काळात स्थानकांची नावे दोन-तीन अक्षरांत आटवली गेली. १९८५ मध्ये दिल्लीत आरक्षणाचे संगणकीकरण सुरू झाले आणि पुढे ते देशभर पसरले, तेव्हा स्थानकांचे हेच संकेत यंत्रात शिरले. कल्याण ‘केवायएन’, डोंबिवली ‘डीआय’. म्हणजे इंडिकेटरवर ‘डीएल’ असलेले गाव तिकिटाच्या यंत्रात ‘डीआय’ आहे. कुर्ला ‘सीएलए’ आहे, कारण कंपनीचे इंग्रज ते नाव ‘सी’ने लिहीत. मुंबईच्या मुख्य स्थानकाचे ‘व्हीटी’ जाऊन ‘सीएसटीएम’ झाले, मग ‘सीएसएमटी’. ठाण्याचे इंग्रजी नाव १९९६ मध्ये ‘थाना’चे ‘ठाणे’ झाले. स्थानकाच्या पाट्या बदलल्या, कागदपत्रे बदलली. तिकीट काढणारा आजही ‘टीएनए’ टंकतो, आणि त्यातला शेवटचा ‘ए’ हा त्या जुन्या ‘थाना’चा आहे.